एकतीस गुण आणि एक गुण



जूनच्या पहिल्या पावसाबरोबर आपल्या शाळांतून दोन प्रकारची मुले येतात. एक, निकालाचा कागद उघडा धरून येणारी. दुसरी, तोच कागद चौघडी करून खिशात कोंबणारी. शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या माणसाला लांबूनच कळते की कोणत्या पोराचे काय झाले. पुष्कळदा असेही होते की गेल्या वर्षी जो कागद उघडा धरून आला होता, तोच या वर्षी खिशात हात घालून उभा असतो. मास्तर त्याच्याकडे बघतात, बाप त्याच्याकडे बघतो, आणि गाव तर बघतेच बघते.

आज मी आपल्याला एका परदेशी गायिकेची हकीकत सांगणार आहे. तिला एका वर्षी सगळ्या पश्चिम युरोपने पहिला नंबर दिला आणि बरोबर पुढच्याच वर्षी शेवटचा. पहिल्या वर्षी एकतीस गुण, दुसऱ्या वर्षी एक गुण. दोन्ही वेळा गळा तोच, बाई तीच. तिचे नाव कॉरी ब्रोकन. देश हॉलंड, म्हणजेच नेदरलँड्स.

हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. पण तिच्या देशाशी आपली ओळख जुनी आहे. आपल्या बखरींत आणि जुन्या पत्रांत ज्यांना ‘वलंदेज’ म्हटले आहे, ते हेच डच लोक. सतराव्या शतकात त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली होती. तिचे पडके अवशेष कोकणात जाणाऱ्याला आजही दिसतात. दुसरी ओळख याहून जवळची. कित्येक घरांत फळीवर, भरतकामाचे फडके पांघरून जो रेडिओ ठेवलेला असे, त्याच्यावर फिलिप्स हे नाव असायचे. ती फिलिप्स कंपनी मूळची हॉलंडातल्या आइंडहोवन गावची. आणि आजच्या हकीकतीतली गायिका जन्मली ती त्याच ब्राबांट प्रांतातल्या ब्रेडा या गावी, ३ डिसेंबर १९३२ रोजी.

हा देश लहान. आपल्या महाराष्ट्राचे सात भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. त्यातली पुष्कळशी जमीन समुद्राच्या पातळीहून खाली. बांध घालून, पाणी उपसून तिथले शेतकरी शेती करतात. १९५७ च्या सुमारास तिथली लोकसंख्या होती साधारण एक कोटी दहा लाख. म्हणजे त्या भाषेत गाणाऱ्याला ऐकणारे लोक किती, याची मर्यादा ठरलेलीच. इंग्रजी गाणे अर्ध्या जगात जाते, फ्रेंच गाणेही पुष्कळ दूर जाते; पण डच भाषेतले गाणे सरहद्दीपाशी थांबायचे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

कॉरी सात वर्षांची होती तेव्हा, १९४० च्या मे महिन्यात, जर्मन सैन्य हॉलंडात घुसले. पाच दिवसांत देश पडला. पुढे १९४३ साली जर्मनांनी हुकूम काढला की सर्वांनी आपापले रेडिओ आणून जमा करावेत. का, तर लंडनहून ‘रेडिओ ओरान्ये’ नावाचे डच केंद्र चालत असे आणि लोक ते चोरून ऐकत. रेडिओ जमा झाले, पण सगळे झाले नाहीत. कोणी तो माळ्यावर लपवला, कोणी जमिनीखाली दडवला. आज आपण बटन दाबतो आणि कंटाळा आला की बंद करतो. पण एका काळी एका देशातली माणसे हे यंत्र ऐकण्यासाठी जिवावर उदार होत होती. ब्रेडा गाव १९४४ च्या ऑक्टोबरअखेर पोलंडच्या सैन्याने मोकळे केले. तेव्हा कॉरी बारा वर्षांची व्हायची होती.

लढाई संपली आणि हॉलंडचा रेडिओ पुन्हा बोलू लागला. त्याचे मुख्य ठाणे हिल्व्हरसम. युरोपातल्या जुन्या रेडिओंच्या काचेवर लंडन, पॅरिस यांच्या रांगेत हे नावही छापलेले असे. तिथल्या रेडिओची व्यवस्था आपल्याहून अगदी निराळी. एकच सरकारी केंद्र नाही; कॅथॉलिक लोकांची एक संस्था, प्रॉटेस्टंटांची दुसरी, समाजवाद्यांची तिसरी, कोणत्याही पंथाचे नाव न लावणाऱ्यांची आणखी एक. प्रत्येकीचे वर्गणीदार वेगळे आणि वेळ वाटून दिलेली. शाळाही तशाच वेगळ्या, वर्तमानपत्रेही वेगळी. एकाच आळीतल्या दोन घरांत दोन निरनिराळी जगे नांदत, म्हणा ना. गाण्याला मात्र ही कुंपणे अडवत नसत. चांगली चाल एकदा कानावर पडली की ती कॅथॉलिकाच्याही स्वयंपाकघरात गुणगुणली जाई आणि समाजवाद्याच्याही.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी या रेडिओवर आणि गाण्याच्या जलशांतून कॉरी ब्रोकन हे नाव ऐकू येऊ लागले. आवाज मोठा दणदणीत नव्हे. पण शब्द स्वच्छ, आणि गाण्यातली बाई समोर बसून बोलते आहे असे वाटावे, अशी गाण्याची रीत. आपल्याकडे भावगीत म्हणतो त्या जातीचेच हे गाणे समजा. नाच नाही, आरडाओरडा नाही. एक बाई, एक गोष्ट आणि मागे वाद्यमेळ.

आता त्या स्पर्धेकडे येऊ.

१९५० साली युरोपातल्या नभोवाणी संस्थांनी मिळून एक संघ काढला होता. निरनिराळ्या देशांत एकच कार्यक्रम एकाच वेळी दाखवता येईल का, याची खटपट चालू होती. इटलीतल्या सान रेमो गावी १९५१ पासून गाण्यांची स्पर्धा भरत असे. तिचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून या संघाने ठरवले की सगळ्या देशांची मिळून एक गाण्याची स्पर्धा घ्यायची. दहा-बारा वर्षांपूर्वी जे देश एकमेकांवर बाँब टाकत होते, ते आता एका संध्याकाळी एकमेकांची गाणी ऐकणार होते. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो या गावी झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. या स्पर्धेच्या इतिहासातले अगदी पहिले गाणे हॉलंडचे होते आणि ते गायले येटी पेर्ल या बाईंनी. या येटीबाई म्हणजे लढाईच्या काळात लंडनच्या त्या ‘रेडिओ ओरान्ये’वरून गाणाऱ्या. ज्यांचा आवाज लोकांनी लपवलेल्या रेडिओवर कान लावून ऐकला होता, त्याच बाईंनी या नव्या खेळाची सुरुवात केली. हॉलंडचे दुसरे गाणे होते कॉरी ब्रोकनचे. त्या वर्षी स्वित्झर्लंडच्या लिस आसिया जिंकल्या. बाकीच्यांना किती गुण पडले ते कधीच जाहीर झाले नाही. म्हणजे ब्रोकनबाईंचा पहिला पेपर तपासला गेला, पण गुण काही कळले नाहीत.

दुसऱ्या वर्षी, ३ मार्च १९५७ रोजी, स्पर्धा जर्मनीतल्या फ्रांकफुर्टला झाली. या वेळी दहा देश. नियम असा, की प्रत्येक देशात दहा पंच आपापल्या ठिकाणी बसून गाणी ऐकतील. प्रत्येक पंचाच्या हाती फक्त एक गुण. तो त्याने आपल्याला आवडलेल्या गाण्याला द्यायचा. मात्र आपल्याच देशाला द्यायचा नाही. गुण टेलिफोनवरून कळवायचे आणि ते सर्वांसमोर फळ्यावर मांडायचे. ही फळ्याची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली. शिक्षक मंडळींना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कठीण नाही. निकाल सगळ्यांदेखत फळ्यावर!

ब्रोकनबाईंनी जे गाणे म्हटले त्याचे नाव ‘नेत आल्स तून’, म्हणजे ‘अगदी तेव्हासारखं’. शब्द विली व्हान हेमेर्ट यांचे, चाल ख्यूस यान्सन यांची, वाद्यमेळाचे संचालक डॉल्फ व्हान डर लिंडन. गाण्यातली बाई आपल्या नवऱ्याशी बोलते आहे. लग्नाला बरीच वर्षे झालेली आहेत. संसार चालू आहे, भांडण नाही, पण सुरुवातीचा जिव्हाळा कुठे तरी आटला आहे. ती त्याला म्हणते की तू मला अगदी तेव्हासारखे एकदा जवळ घे. एवढीच गोष्ट. मधे सेम नाइव्हेन या वादकाचे व्हायोलिन येते, तेही बोलल्यासारखेच.

आता विचार करा. डेन्मार्कमधल्या, इटलीतल्या, इंग्लंडमधल्या पंचांना डच भाषा कुठून येणार? शब्द त्यांना कळले नसणार. पण लग्नाच्या बाईने नवऱ्याकडे बघत कोणत्या सुरात काय मागितले, हे त्यांना कळले असावे. नव्वद परदेशी पंच होते. त्यांपैकी एकतीस जणांनी आपला एकुलता एक गुण या गाण्यापुढे ठेवला. दुसऱ्या आलेल्या फ्रान्सला पडले सतरा. जवळजवळ दुप्पट म्हणायला हरकत नाही. जी भाषा सरहद्दीपाशी थांबायची, तिने त्या रात्री दहा देशांत पहिला नंबर मिळवला. हॉलंडातल्या लोकांना त्याचे किती कौतुक वाटले असेल, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

यजमान देशाचा प्रश्न आला, तेव्हा पुढची स्पर्धा जिंकणाऱ्या देशात भरवावी असे झाले, आणि १२ मार्च १९५८ रोजी सगळी मंडळी हॉलंडात, हिल्व्हरसमला जमली. ब्रोकनबाईंच्या घरच्या अंगणात म्हणा ना! देशातली निवड-स्पर्धा त्यांनीच जिंकली होती, म्हणून हॉलंडतर्फे पुन्हा त्याच उभ्या राहिल्या. गाण्याचे नाव ‘हेल द वेरेल्ट’, म्हणजे ‘सारे जग’. मागे आपला वाद्यमेळ, समोर आपली माणसे, आणि गेल्या वर्षीचा विजय पदरात. याहून अनुकूल मैदान कोणते असणार?

आणि निकाल काय लागला? एक गुण. पुन्हा नव्वद परदेशी पंच, त्यांपैकी एकाला ते गाणे पहिल्या पसंतीचे वाटले. हॉलंड आणि लक्झेंबर्ग, दोघांनाही एक-एक गुण; दोघे मिळून तळाला. हा फळाही सर्वांदेखत होता, आणि तोही घरच्या मंडपात. त्या स्पर्धेला आता साठ-सत्तर वर्षे होऊन गेली, शेकडो गायक आले नि गेले. पण पहिला आणि शेवटचा, हे दोन्ही क्रमांक एकाच गायिकेच्या वाट्याला यावेत, असा योग ब्रोकनबाईंखेरीज कोणाला आला नाही.

असे का झाले, याची कारणे शोधत बसण्यात मौज नाही. गाणे कमी पकड घेणारे असेल. पंच निराळे असतील. एकाच घराला दोनदा मान द्यायला लोक नाखूश असतील. पण पंचांच्या गुणांवर किती विसंबावे, याचा एक दाखला त्याच रात्री त्याच रंगमंचावर होता, तो सांगतो. ब्रोकनबाईंच्या आधी, अगदी पहिल्यांदा, इटलीचे दोमेनिको मोदुन्यो गायले होते. तारांत बिघाड झाल्यामुळे काही देशांना ते नीट दिसले-ऐकू आले नाही, म्हणून शेवटी त्यांना पुन्हा गायला लावले. म्हणजे दोनदा ऐकूनही पंचांनी त्यांना तिसऱ्या क्रमांकावर ठेवले, तेरा गुण देऊन. पहिला आला फ्रान्स, सत्तावीस गुणांनी. पुढे झाले असे, की पहिल्या आलेल्या गाण्याचे नाव आज जाणकारांखेरीज फारसे कोणी घेत नाही, आणि मोदुन्यो यांचे ते निळ्या आभाळात उडण्याचे गाणे, ज्याला लोक ‘व्होलारे’ म्हणतात, ते अमेरिकेपासून सगळीकडे गाजले. तपासनीस काही लबाड नव्हते. त्यांनी त्या संध्याकाळी जे वाटले ते दिले. पण एका संध्याकाळचे माप आणि एका आयुष्याचे माप ही दोन वेगळी मापे आहेत.

आता आपण म्हणाल, एक गुण पडल्यावर या बाईंचे पुढे काय झाले? लोकांनी पाठ फिरवली असेल. लोक उगवत्या सूर्याला नमस्कार करतात, ही रीत सगळीकडचीच. पण इथे तसे घडले नाही. दोन वर्षांनी, १९६० साली, त्यांनी ‘मिलॉर्ड’ हे गाणे डच भाषेत गायले आणि ते हॉलंडात खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मूळ गाणे फ्रान्सच्या एदीत पियाफ यांचे. त्यात बंदरावरची एक गरीब मुलगी एका बड्या घरच्या गृहस्थाला पाहते. तो प्रेमात हरलेला, डोळे भरून आलेले. ती त्याला म्हणते, या साहेब, बसा जरा, पाय मोकळे सोडा, इथे ऊब आहे. ज्या बाईला सबंध युरोपदेखत एक गुण पडला होता, तिने हरलेल्या माणसाची समजूत काढणारे गाणे म्हणावे, आणि लोकांनी तिलाच डोक्यावर घ्यावे, यात मला तरी मोठा अर्थ वाटतो.

काही श्रोत्यांना शंका येईल, की दुसऱ्याचे गाणे आपल्या भाषेत आणून म्हणण्यात थोरवी ती काय? तर मंडळी, आपल्याकडे भजनी मंडळात सिनेमाची चाल घेऊन अभंग म्हणतात, तेव्हा कोणाचे चांगले वाटते आणि कोणाचे कानाला टोचते? चाल तीच असते. ज्याला अभंगाचा अर्थ कळलेला असतो, त्याचे चांगले वाटते. ब्रोकनबाईंचे तसेच होते. परकी चाल घेऊन त्या गोष्ट मात्र आपल्या लोकांना, आपल्या बोलीत सांगत. १९६४ च्या सुमारास त्यांनी गायलेले ‘ला मामा’ हे गाणेही असेच गाजले. मूळ शार्ल आझनाव्हूर यांचे. त्यात आई मरणशय्येवर आहे आणि दूरदूरची लेकरे, भांडून गेलेला मुलगासुद्धा, तिच्या खाटेभोवती जमली आहेत. ही गोष्ट कोणत्या गावात घडत नाही? अशा गाण्याला मग पंच लागत नाहीत. दूरचित्रवाणी घरोघर पोचू लागली तेव्हा त्यांचा स्वतःचा कार्यक्रमही झाला आणि ब्रोकन हे नाव घरातल्या माणसासारखे झाले.

इथपर्यंतची हकीकत एका लोकप्रिय गायिकेची झाली. अशा अनेक असतात. मला आज आपल्यापुढे यावेसे वाटले ते यापुढच्या भागामुळे.

१९७३ साली ब्रोकनबाईंनी गाणे थांबवले. वय चाळीस. गळा गेला नव्हता, नाव गेले नव्हते. आपल्याकडे या वयाला माणूस म्हणतो, ‘आता काय राहिलंय शिकायचं? आता मुलांचं बघायचं.’ बाईंनी काय केले? कायद्याचा अभ्यास सुरू केला. पुस्तके, कलमे, परीक्षा, सगळे पहिल्यापासून. ज्या बाईचे नाव सगळ्या देशाला ठाऊक, तिने विशी-बाविशीच्या मुलांच्या पंक्तीत बसायचे. आणि तिथे लोकप्रियतेचा काही उपयोग नाही. परीक्षकासमोर टाळ्या चालत नाहीत. उत्तर यावे लागते.

मधे एक गंमतीचा प्रसंग आला. १९७५ ची ती युरोपची स्पर्धा हॉलंडच्या एका वाद्यवृंदाने जिंकली, म्हणून १९७६ च्या एप्रिलमध्ये ती हेग शहरात भरली. सूत्रसंचालनासाठी बोलावले कोणाला? ब्रोकनबाईंना. या वेळी अठरा देश होते. गाणी झाल्यावर एकेका देशाचे गुण टेलिफोनवरून घेणे आणि मोठ्याने उच्चारणे हे त्यांचे काम. ज्या फळ्यावर एकदा त्यांच्या नावापुढे एकतीस आणि एकदा एक असा आकडा लागला होता, त्याच फळ्याजवळ उभ्या राहून त्या आता दुसऱ्यांचे आकडे सांगत होत्या. कोणाला पुष्कळ, कोणाला थोडे. त्या गर्दीत हे दोन्ही आकडे स्वतःच्या अंगावर झेललेले माणूस दुसरे कोणीच नव्हते.

पुढे बाई वकील झाल्या, आणि त्यानंतर न्यायाधीश झाल्या. न्यायालय होते देन बॉस या शहरी. हे शहर त्यांच्या त्याच ब्राबांट प्रांताचे मुख्य ठिकाण. ब्रेडाची मुलगी गाणे घेऊन बाहेर गेली आणि न्यायासनावर बसायला आपल्या प्रांतात परत आली. हॉलंडच्या न्यायालयांत पंच बसवण्याची पद्धत नाही. जो काही निवाडा करायचा तो न्यायाधीशाने स्वतः करायचा. गाण्याच्या स्पर्धेत ज्यांचा निकाल पंचांनी दोनदा लावला, त्यांच्यावर आता दुसऱ्यांचे निकाल लावण्याची जबाबदारी आली, आणि तीही पंचांच्या आधाराशिवाय.

न्यायाधीशाचे निम्मे काम ऐकण्याचे असते. समोरचा काय बोलतो, आणि बोलताना कुठे अडखळतो, हे ऐकावे लागते. वीस-बावीस वर्षे गाण्यात काढलेल्या कानाला हे अगदीच नवे गेले नसेल, असा माझा आपला तर्क आहे. शिकलेले काही वाया जात नाही. गावातला सुतार म्हातारपणी शेतीकडे वळला तरी बांधाची रेघ सरळ धरतो. हात जुनी विद्या विसरत नाही.

नव्वदच्या दशकात बाई पुन्हा थोड्याफार गाण्याकडे आल्या. १९९७ साली डब्लिनच्या स्पर्धेत डच पंचांचे गुण जाहीर करायला त्यांचा आवाज पुन्हा युरोपभर गेला. २००० साली त्यांचे आत्मचरित्र निघाले. ३१ मे २०१६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्या वारल्या. त्यांच्या देशातल्या लोकांना पहिला नंबर आठवला, शेवटचा नंबर आठवला, आणि न्यायासनही आठवले.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलतो आणि थांबतो.

आपल्या हातात रोज लाल पेन्सिल असते. गुण देणे हे आपले काम आहे, ते टाळता येत नाही आणि टाळूही नये. कच्च्या पेपरला पक्का म्हणणे हा मुलाशी केलेला दगा आहे. फ्रांकफुर्टच्या पंचांनीही दिले, हिल्व्हरसमच्या पंचांनीही दिले. पण गुण दिल्यानंतर आपण जे बोलतो, ते गुणांपेक्षा जास्त दिवस टिकते. ‘तुझ्यानं व्हायचं नाही’ हे एक वाक्य किती मुले आयुष्यभर कानात वागवतात! मी या पेशात वर्षे काढली आहेत. असे वाक्य माझ्याही तोंडून गेले आहे, आणि ज्याला म्हटले तो पोरगा दुसऱ्या दिवसापासून वर्गात मागच्या बाकावर बसू लागला, हे मला आजही आठवते. पेपरला मी दिलेले गुण बरोबरच होते. ते वाक्य मात्र माझ्या अधिकारातले नव्हते. गुण त्या पेपरचे होते आणि मी ते सबंध पोराला लावून टाकले.

पहिला आलेल्या मुलाकडेही असेच बघावे लागते. त्याच्या गळ्यात हार घालताना त्याला हळूच सांगावे, की बाळ, हा हार कालच्या पेपरचा आहे. उद्याचा पेपर कोरा आहे. नाहीतर तो बिचारा हार सांभाळण्यातच दमून जातो, आणि पुढच्या वर्षी एक गुण कमी पडला तरी त्याला आभाळ कोसळल्यासारखे होते.

आणि पालक मंडळी, आपल्या घरात कोणी चाळिशीला येऊन शिकायचे म्हणत असेल, सून म्हणत असेल, लेक म्हणत असेल, अगदी आपली घरधनीण म्हणत असेल की मला राहिलेली परीक्षा द्यायची आहे, तर हसू नका. तिच्यासाठी पुस्तकाची आणि दिव्याची सोय करा. गावात पुस्तक मिळत नसेल तर तालुक्याहून आणा.

या जूनमध्ये जो पोरगा निकालाचा कागद चौघडी करून खिशात घालून शाळेत येईल, त्याला एकदा जवळ बोलवा. कागद खिशातच राहू द्या. त्याला या कॉरी ब्रोकनबाईंची हकीकत सांगा, आणि मग त्याला विचारा, की बाबा, तुला आता काय शिकायचंय?